राव्दनाच्या फळीवरचे उलटे कान

टीव्हीवाल्यांचा एक प्रश्न ठरलेला. राव्दना शर्यत जिंको, हरो, नाहीतर दुसऱ्याच वळणावर तोंडावर आपटून नाकातून रक्त गाळत खाली येवो, माइक पुढे करून ते दात काढत विचारणारच, "मग राव्दना, घरी रेनडिअर किती?" अरे, हा काय प्रश्न झाला? भर चौकात कुणाला विचारता का, बाबा रे, तुझ्या बँकेत किती शिल्लक आहे म्हणून? आम्हा रेनडिअरवाल्यांत कळपाचा आकडा बायकोसुद्धा नवऱ्याला विचारत नाही. सुरुवातीला ती बिचारी लाजायची. मग चिडायला लागली. तिशीला टेकेपर्यंत तिने आमच्या म्हाताऱ्यांचं ठेवणीतलं उत्तर पाठ करून टाकलं होतं, "थोडी झाडाच्या अलीकडे, थोडी पलीकडे." टीव्हीवाल्यांना वाटायचं यात काहीतरी फार खोल आहे. ते गंभीरपणे मान हलवायचे आणि पुढचा प्रश्न टाकायचे, "बर्फ तुमच्या रक्तातच असतो, नाही का?"

"माझ्या रक्तात रक्तच असतं," असं ती एकदा थेट प्रक्षेपणात म्हणाली. त्यावर संघाच्या लोकांनी तिला बाजूला घेऊन समजावलं, की लोकांशी जरा गोड बोलावं, प्रायोजक बघत असतात. तिचं डोकंच फिरलं.

पण खरा वैताग तिला बाहेरच्यांचा नव्हता. बाहेरच्यांना काय, शिव्या घालून मोकळं होता येतं. खरा वैताग घरचा, आणि त्यातही बापाचा.

हेआइका, म्हणजे राव्दनाचा बाप, हा माणूस ताकास तूर लागू देत नाही. राव्दनाच्या आईला, सिरेला, मागणी घालायची होती तेव्हा वर्षभर तिच्या घरची लाकडं फोडत राहिला, तोंडातून शब्द नाही. शेवटी सिरेच म्हणाली, "लाकडं पुरे झाली आता, लग्नाचं बघ." त्याला पटलं की तो हवेबद्दल बोलतो, नाही पटलं तरी हवेबद्दलच बोलतो, आणि कुठली हवा कशाची ते समोरच्याने ओळखायचं. उत्तरेकडच्या आमच्या याव्रेगेची गावात सगळेच थोडेफार असे आहेत, कबूल. पण हेआइका म्हणजे कहर.

राव्दना त्याची धाकटी. गावच्या शाळेत दक्षिणेकडून आलेल्या एका मास्तरांचा मुलगा परत जाताना बर्फावर घसरायची फळी टाकून गेला, ती हिने उचलली. मोठा भाऊ योव्ना बर्फावर चालणाऱ्या स्कूटरला जनावरं धरायचा फासाचा दोर बांधायचा आणि तिला तळ्यावरून फरफटत न्यायचा. ती पडायची, उठायची, पुन्हा दोर धरायची. दहा-बारा वर्षांची असताना एकदा कळपातल्या माद्या भलत्याच उतारावरून निघाल्या, स्कूटरला तिथे जाता येईना, तेव्हा ही पोरगी फळीवरून सरळ खाली सुटली आणि माद्यांच्या पुढे जाऊन आडवी उभी राहिली. सगळा कळप वळला. योव्ना तर टोपी उडवून नाचला. हेआइका जवळ आला, उताराकडे बघितलं, पोरीकडे बघितलं आणि म्हणाला, "माद्या बिथरल्या." संपलं! एवढंच!

पुढे ती दक्षिणेतल्या खेळांच्या शाळेत गेली आणि चार-चार जणी एकाच वेळी सोडतात त्या शर्यतीत उतरायला लागली. उंचवटे, खड्डे, वळणं, एकमेकींची कोपरं, आणि पहिल्या दोघी पुढच्या फेरीत. तिला ती शर्यत आवडली कारण तिथे गुण देणारे पंच नसतात, जो आधी पोचला तो आधी. नाव काढलं का? थोडंफार. गुडघा फाटला, खांदा निखळला, सहावी आली, नववी आली, पहिल्याच फेरीत बाद झाली, पुन्हा सहावी आली. पोटापुरतं मिळत होतं आणि संघात जागा होती. सुरुवातीची काही वर्षं ती वसंतात कळपाबरोबर किनाऱ्याकडे निघायला यायची, उन्हाळ्यात पाडसांचे कान कापायला यायची. मग एक वर्ष चुकलं, मग दुसरं. गावात गेली की बाया विचारायच्या, "काय गं, अजून उतरतेच आहेस का त्या टेकडीवरून? खाली पोचली नाहीस अजून?" आणि स्वतःच हसायच्या.

आता कानांचं सांगायला हवं. आमच्यात जनावर कुणाचं ते कानावरून कळतं. पाडसाच्या दोन्ही कानांना सुरीने खाचा पाडायच्या, प्रत्येकाची खूण वेगळी. राव्दनाची खूण तिला बाप्तिस्म्याच्या दिवशी आजीने स्वतःचीच दिलेली, डाव्या कानाला टोकाशी फाटा आणि खाली एक खाच, उजव्या कानाचं नुसतं टोक उडवलेलं. आजीची सख्खी बहीण शेजारच्या घरात दिलेली होती, तिला हीच खूण उलटी मिळाली, डाव्याचं उजव्याला आणि उजव्याचं डाव्याला. ती उलटी खूण आता त्या घरच्या दुओम्माकडे आहे. दुओम्मा आणि हेआइका यांचा कळप एकत्र, वाडगं एकत्र, आणि एका जुन्या पाडसावरून भांडणही एकत्रच चालू. दोघे एकमेकांशी बोलतात, पण बोलण्यात खडा असतोच.

गेल्या नाताळात राव्दना घरी आली होती. जेवताना हेआइका वाळलेलं मांस पातळ कापत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "एल्ले मोठी होतेय. तिला कान लागतील."

एल्ले म्हणजे योव्नाची मुलगी. दरीत नवीन खूण निघणं आता मुश्कील, सगळ्या खाचा कुणाच्या ना कुणाच्या आहेतच. मग न वापरलेली खूण घरातल्या दुसऱ्या पोराला जाते. आणि एकदा गेली की गेली. त्यानंतर वाडग्यावर आलात तरी पाहुणे म्हणून येता, कुणीतरी हातात कॉफी देतं, बसा म्हणतं, आणि सगळे कामाला लागतात. सगळी दुनिया तिला रेनडिअरवाली म्हणून मिरवत होती, आणि इथे तिच्या नावाचं जनावरच उरणार नव्हतं. अगं, मग बोल ना! म्हण, बाबा, माझे कान मी कुणाला देणार नाही! पण नाही. बापाचीच लेक. ती म्हणाली, "मांस छान वाळलंय यंदा."

"थंडी बरी पडली," हेआइका म्हणाला. सिरेने दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि ताटं आपटत उचलली.

परत गेल्यावर राव्दनाने जे डोकं चालवलं त्याला काय म्हणावं! थेट बोलता येत नाही ना, मग तिने ठरवलं की आपले कान फळीच्या पोटावर रंगवून घ्यायचे. उडी मारली की फळीचं पोट कॅमेऱ्याला दिसतं. बाप टीव्हीवर बघेल आणि समजेल की पोरगी विसरलेली नाही, खूण तिचीच आहे. ओस्लोतल्या फ्रोइदिस नावाच्या चित्रकर्तीला तिने कानांचं चित्र पाठवलं. फ्रोइदिसने झकास काम केलं, समोरून आपल्याकडे बघणारं अख्खं रेनडिअरचं तोंड, मोठे डोळे, वर दोन कान. चित्र राव्दनाला आलं तेव्हा ती विमानतळाच्या बसमध्ये होती. तिने 'मस्त' म्हणून अंगठ्याचं चित्र पाठवलं आणि फोन खिशात टाकला.

मार्चमध्ये ऑस्ट्रियात शर्यत झाली. आणि नेमकी त्याच दिवशी तिची फळी सुसाट सुटली! पहिली फेरी, दुसरी फेरी, उपांत्य, सगळीकडे पुढे. शेवटच्या फेरीत एका स्विस मुलीने कोपराने ढोसलं, तरी ही पडली नाही, दुसरी आली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा व्यासपीठावर. तिने फळी दोन्ही हातांनी डोक्यावर धरली, पोट कॅमेऱ्याकडे, आणि बोटाने कान दाखवत ओरडली, "हे माझ्या घरचे! बघा, बाबा!"

याव्रेगेचीत सगळे बघत होते. आणि सगळ्यांचे डोळे एकदम त्या कानांवर गेले.

समोरून बघणाऱ्या जनावराचा डावा कान आपल्या उजव्या हाताला येतो, हे आमच्याकडे चार वर्षांच्या पोरालाही कळतं. फ्रोइदिसला कसं कळणार? तिने चित्रातला डावा डावीकडेच ठेवला आणि मध्ये तोंड काढलं. झाले कान उलटे! राव्दना अख्ख्या जगासमोर दुओम्माचं जनावर म्हणून नाचत होती.

हेआइकाच्या घरचा फोन वाजला तो दुओम्माचाच. "अभिनंदन रे हेआइका," तो म्हणाला, "आमची पोरगी दुसरी आली हं! कानांवरून ओळखली मी. तू सांभाळलीस एवढी वर्षं, उपकार आहेत बाबा तुझे. चारापाण्याचं काय झालं ते सांग, देऊन टाकतो." मागे त्याच्या घरातली सगळी खिदळत होती. हेआइकाने फोन ठेवला आणि स्कूटरला पेट्रोल भरायला बाहेर गेला. पेट्रोल भरलेलंच होतं.

तेवढ्यात राव्दनाचा फोन आला, आनंदाने नुसती उड्या मारत होती. "आई, बघितलंत? बाबांनी बघितलं?"

"बघितलं," सिरे म्हणाली. "छान पळालीस. आता कान बघ."

"कुठले कान?"

"अगं बये, फळीवरचे! दुओम्माचे कान लावून पळालीस तू!"

राव्दनाने फळी पालथी केली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आधी फ्रोइदिसवर. पण फ्रोइदिस म्हणाली, "तुला दाखवलं होतं की, तू हो म्हणालीस." मग ती आग वळून स्वतःवर आली, कारण बसमध्ये चित्र तिनेच बघितलं होतं. आपले कान आपल्या डोळ्यांसमोर होते आणि आपल्याला वाचता आले नव्हते. बापाला दाखवायला निघाली होती की मी विसरले नाही, आणि दाखवलं काय, तर विसरले. तिने आईला सांगितलं, बाबांना दे. हेआइका बाहेरून आला, फोन कानाला लावला आणि म्हणाला, "इथे हवा बरी आहे."

"बाबा, चूक झाली."

"ढग येतील संध्याकाळी," हेआइका म्हणाला आणि फोन सिरेकडे दिला.

त्या दिवसापासून राव्दनाच्या मनाने धरलं की कान गेले. आता जुलैत वाडग्यावर जाऊन स्वतःच्या हाताने पाडसाचे कान कापले, सरळ कापले, चारचौघांत कापले, तरच काही आशा. आणि जुलैतच, दक्षिण अमेरिकेत तेव्हा हिवाळा म्हणून, संघ तिकडच्या डोंगरांवर सरावाला निघणार. प्रशिक्षक तॉर्गाइर आधीच कावलेला. "पुन्हा तुझं काहीतरी रेनडिअरचं निघालं," तो म्हणाला. "यंदा विमानात नसशील तर संघात नसशील. स्पष्ट सांगतोय."

तॉर्गाइर स्पष्ट सांगणारा, हेआइका न सांगणारा, मध्ये ही. तिने घरी फोन लावला.

"बाबा, पाडसं कधी धरताय?"

"हवेवर आहे."

"मी येऊ का?"

"तुला कामं असतील."

"नाहीत," राव्दना म्हणाली. धादांत खोटं! विमानाचं तिकीट समोर टेबलावर होतं.

"मग तुझं तू बघ," हेआइका म्हणाला.

यातून काय समजायचं, सांगा! ती ओस्लोत भरलेल्या बॅगेवर बसून राहिली. जाऊ की नको, नको की जाऊ. संघाचं विमान गेलं. तरी ती तिथेच, स्वतःलाच शिव्या घालत. शेवटी उठली आणि उत्तरेचं विमान पकडलं, मग बस, मग आईची गाडी.

वाडग्यावर पोचली तर फाटकात योव्ना उभा. डासांनी चावून चावून त्याचा एक डोळा मिटला होता. "आल्या महाराणी!" तो ओरडला. "कुठे होतीस गं? कळप परवाच सोडायचा होता, परवाच! आतलं गवत संपलं, पाडसं आयांपासून चुकतायत, तीन घरची माणसं नुसती उभी आहेत!"

"मग सोडला का नाहीत?"

"बाबांना विचार!"

दुओम्मा कुंपणाला टेकून उभा होता, तोंडाभोवती जाळी गुंडाळून. "मी विचारलं की," तो म्हणाला. "सगळ्या पाडसांचे कान झाले, एक सोडून. तुझ्या त्या पांढऱ्या तोंडाच्या मादीचं पाडस. योव्ना धरायला गेला तर तुझा बाप मध्ये. मी गेलो तर मध्ये. विचारलं, काय अडलंय? तर म्हणे, वारा उलटा आहे. वारा! अगं, इथे पान हलत नाही. वारा असता तर हे डास तरी गेले असते!"

राव्दनाने आत बघितलं. पलीकडच्या टोकाला हेआइका पाठ करून उभा होता, खुंटा ठोकत. खुंटा केव्हाच आत गेला होता. हा आपल्यासाठीच थांबलाय हे तिला कळलं, आणि त्याच वेळी इतका राग आला की तो खुंटा उपटून त्याच्या डोक्यात घालावासा वाटला. फोनवर एक शब्द बोलायला काय धाड भरली होती?

तिने दोर घेतला. पांढऱ्या तोंडाची मादी फेर धरून पळत होती, मागे तिचं काळपट पाडस. पहिला फास हवेत गेला. दुसरा दुसऱ्याच मादीच्या शिंगाला बसला. "फळी आणून देऊ का?" दुओम्मा म्हणाला, आणि सगळे हसले. राव्दनाने दातांखाली ओठ धरला आणि पुन्हा दोर टाकला, आणि या वेळी पाडस लागलं. तिने ते गुडघ्यांत धरलं, मानेवरून वाकली. सगळे कामं टाकून जवळ आले होते, कुठला कान आधी धरते ते बघायला. डाव्याला फाटा, खाली खाच. उजव्याचं टोक. तिने पाडस सोडलं आणि ते ओरडत आईकडे पळालं.

हेआइका आला. पाडस लांब गेलं होतं, पण त्याला लांबून दिसतं. "उजवा जरा जास्तच उडाला," तो म्हणाला आणि फाटक उघडायला गेला. दुओम्माने जाळी वर करून नीट बघितलं. "आमचं नाही," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच चेष्टा केली नाही.

कळप बाहेर पडल्यावर सगळे शेकोटीपाशी कॉफीला बसले. कुणी राव्दनाला बसा म्हटलं नाही, उलट योव्नाने तिलाच पाणी आणायला पिटाळलं. ती परत आली तेव्हा तिचा फोन सिरेच्या हातात होता.

"हे काय गं?" सिरे मोठ्याने वाचायला लागली. "'विमानात नव्हतीस. मी जे सांगितलं होतं ते आता लागू झालं. तॉर्गाइर.' काय लागू झालं?"

"काही नाही. दे इकडे."

"राव्दना!"

"संघातून काढलं," राव्दना म्हणाली. "शिबिराला गेले नाही म्हणून. झालं समाधान?"

हेआइकाने कप खाली ठेवला. "कसलं शिबिर?"

"बाबा, आता राहू दे ना."

"कसलं शिबिर? तू म्हणालीस तुला कामं नाहीत!"

"तुम्ही म्हणालात तुझं तू बघ!"

"अगं मूर्ख पोरी!" हेआइका उभाच राहिला. योव्नाच्या हातातली भाकरी तशीच राहिली, बापाला ओरडताना त्याने कधी ऐकलं नव्हतं. "सांगायचंस तरी! पाडसाचे कान शरदातसुद्धा कापता येतात! मी सोडून दिलं असतं त्याला आईबरोबर! सगळ्या लोकांच्या शिव्या खाल्ल्या मी इथे, डासांना रक्त पाजलं, कशाला? तू तिकडे सगळं घालवून बसावंस म्हणून?"

"मग तुम्ही सांगायचंत, की थांबतो म्हणून! मी त्याच दिवशी आले असते आणि विमानही पकडलं असतं! मला वाटलं, कान एल्लेला दिलेत!"

"एल्लेसाठी मी वेगळी खूण मागितलीय कधीचीच!"

"पण नाताळात तुम्ही..."

"तू घरी यावंस म्हणून बोललो ते!"

"अरे देवा," दुओम्मा म्हणाला आणि जाळी पुन्हा तोंडावर ओढली.

मग हेआइकाने सिरेसमोर हात केला. "त्या माणसाला लाव."

"बाबा, नको. तुम्ही काय बोलणार त्याच्याशी..."

"लाव म्हणतो ना."

हेआइका नॉर्वेजियन भाषा फक्त सरकारी माणसांशी भांडताना बोलायचा. फोन तोंडासमोर आडवा धरून तो मोठमोठ्याने बोलायला लागला, मध्ये डोंगर असल्यासारखा. "मी हेआइका. राव्दनाचा बाप. ती उद्या विमानात बसतेय. उशीर माझ्यामुळे झाला. मी बोललो नाही, त्यामुळे झाला. तिची चूक नाही." मग तो थांबला. पलीकडून आवाज यायला लागला तसा घाईघाईने पुढे म्हणाला, "ती चांगली आहे. इतकीशी होती तेव्हा डोंगरावरून अख्खा कळप वळवला तिने. मी तिथे होतो. तिच्यासारखं उतरणारं दुसरं कुणी मी आजवर बघितलं नाही. बास." आणि त्याने फोन बंद केला.

राव्दनाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती रागाने लालबुंद झाली होती. एवढी वर्षं! एवढी वर्षं, आणि हे सांगितलं कुणाला, तर तॉर्गाइरला!

"तो काय म्हणाला?" तिने विचारलं.

"मी विचारलं कुठे?" हेआइका म्हणाला. "मी सांगितलं."

सिरेने गाडीची किल्ली राव्दनाच्या मांडीवर टाकली. "ऊठ आता," ती नाक पुसत म्हणाली. "नाहीतर हा अजून काहीतरी बोलेल, आणि एका दिवसात एवढं मला सोसायचं नाही."